गट सादरीकरणानंतरचे आत्मपरीक्षण कसे लिहावे: पहिल्यांदाच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांना गटाने सादरीकरण करण्याची सवय एखाद-दुसऱ्या सत्रात होऊन जाते. परंतु सादरीकरण आटोपल्यावर ‘आता आपापल्या कामगिरीचे आत्मपरीक्षण लिहून द्या’ असे सांगितले गेले, की बहुतेकांना नेमके काय लिहायचे ते सुचत नाही. शाळेत निबंध लिहिलेले असतात, प्रयोगवही लिहिलेली असते, प्रकल्पाचा अहवालही लिहिलेला असतो. स्वतःच्या कामाकडे पाहून लिहिणे मात्र सहसा कोणी शिकवलेले नसते. त्यामुळे दोन प्रकारचे लेखन वारंवार वाचायला मिळते. पहिल्या प्रकारात ‘आम्ही सर्वांनी खूप मेहनत घेतली, गटात काम करण्याचे महत्त्व समजले, बरेच शिकायला मिळाले’ अशी, कोणत्याही सादरीकरणाला लागू पडतील अशी वाक्ये असतात. दुसऱ्या प्रकारात ‘मी फार घाबरले, माझे इंग्रजी कच्चे आहे, माझ्यामुळे गटाचे गुण गेले’ असा स्वतःवरच ठेवलेला आरोप असतो. पहिले लेखन वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही आणि दुसरे लिहिणाऱ्याला विनाकारण दुखावते. दोहोंत उणीव एकच आहे, ती म्हणजे पुराव्याची.

चांगल्या आत्मपरीक्षणात वाचणारा शिक्षक काय शोधतो, ते आधी लक्षात घ्यावे. नेमके काय घडले, ते का घडले, त्यात तुमचा वाटा कोणता होता आणि पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळे कराल, एवढेच तो पाहतो. गटाच्या सादरीकरणाबाबत मी यात आणखी एक मुद्दा आग्रहाने घालू इच्छितो. विद्यार्थी आपापल्या तीन-चार मिनिटांच्या भाषणाचे परीक्षण करतात. गटाचे काम मात्र बहुतेक वेळा दोन वक्त्यांच्या मधल्या जोडावर ढासळते, आणि त्या जोडाबद्दल कोणीच लिहीत नाही, कारण तो कोणा एकाच्या वाट्याला आलेला नसतो. तुमच्या लेखनातील सर्वांत मोलाचा परिच्छेद त्या जोडाविषयीचा असू शकतो.

पुढील पायऱ्या समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण धरू. पर्यावरण अभ्यास या विषयासाठी पाच जणांच्या गटाने ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ या विषयावर पंधरा मिनिटांचे सादरीकरण केले. गटातले दोघे कळव्याचे, एक ऐरोलीची, एक घणसोलीचा आणि एक खारघरची. एकत्र बसायला वेळ मिळाला नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरी आपापल्या स्लाइड केल्या आणि आदल्या रात्री एकाने त्या एका फाइलमध्ये जोडल्या.

पहिली पायरी: त्याच दिवशी, कोणाशी बोलण्याआधी

सादरीकरण झाल्यावर गट कँटीनमध्ये बसतो आणि ‘मस्त झालं’ किंवा ‘सगळं बिघडलं’ असा एक सामुदायिक निष्कर्ष तयार होतो. तो एकदा कानावर पडला, की तुमची स्वतःची आठवण त्याच्या मागे जाऊ लागते. म्हणून शक्य असेल तर त्याआधीच, नाहीतर घरी जाताना ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळताच, फोनवर दहा-बारा ओळी लिहून ठेवाव्यात. हर्मन एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले होते, की पाठ केलेले विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक असतो. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच, की नोंद उद्यावर टाकू नये.

या नोंदीत विशेषणे नकोत. ‘माझा भाग ठीक झाला’ हे वाक्य महिन्याभराने वाचले तर तुम्हालाही त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘माझ्या दुसऱ्या स्लाइडवर खारफुटीच्या झाडांची नावे मी पडद्याकडे तोंड करून वाचली. मागच्या बाकांवरून आवाज येत नाही असे कोणीतरी म्हणाले. त्यानंतर मी माइक जवळ घेतला, पण माझा वेग वाढला. शेवटची स्लाइड न दाखवताच पुढच्या वक्त्याला बोलावले.’ यात निवाडा कोठेच नाही, आणि निवाडा करण्यासाठी लागणारे सारे आहे.

दुसरी पायरी: पुरावा जमवणे

ध्वनिचित्रमुद्रण असेल तर उत्तम. मात्र ते गटातील सर्वांच्या आणि शिक्षकांच्या संमतीनेच केलेले असावे. ते दोनदा पाहावे. एकदा फोन पालथा ठेवून फक्त ऐकावे आणि एकदा आवाज बंद करून फक्त पाहावे. दोन्ही एकत्र पाहिले, की स्वतःचा चेहरा आणि स्वतःचा आवाज यांच्या संकोचातच बहुतेकांचे लक्ष अडकते, आणि बाकीचे निसटते. ऐकताना ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ असे आधाराचे शब्द कोठे येतात ते टिपावे. ते किती आले यापेक्षा कोठे आले हे महत्त्वाचे आहे. पाठ असलेल्या भागात ते क्वचित येतात आणि स्वतःला नीट न कळलेल्या मुद्द्यापाशी दाटीने येतात. एका मिनिटाचे बोलणे जसेच्या तसे लिहून काढावे आणि त्यातील शब्द मोजावेत. तीच मोजणी तालमीच्या मुद्रणावर केली, तर वर्गासमोर तुमचा वेग किती बदलला हे अंदाजाने नव्हे, आकड्याने कळते. आवाज बंद करून पाहताना एकच प्रश्न पुरे: मी कोणाकडे पाहत होतो? पडद्याकडे, कागदाकडे, फक्त मॅडमकडे, की वर्गाकडे?

मुद्रण नसेल तरी पुरावा संपत नाही. वर्गाने विचारलेले प्रश्न, शिक्षकांनी गुणांच्या तक्त्यावर केलेले शेरे, गटाच्या व्हॉट्सॲपवरील संदेशांचे दिवस आणि वेळा, फाइलच्या जुन्या आवृत्त्या, हे सारे पुरावेच आहेत. सादरीकरण मंगळवारी सकाळी असताना सोमवारी रात्री साडेअकराला ‘फायनल पीपीटी पाठव’ असा संदेश गेला असेल, तर त्या एका ओळीत पुढच्या बऱ्याच गोष्टींचे कारण दडलेले असते.

घाबरण्याविषयी येथे स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या लेखनात तीच तक्रार सर्वांत जास्त असते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की भाषण करणाऱ्याला आपली घबराट जेवढी उघड दिसते असे वाटते, तेवढी ती श्रोत्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली होती, त्यांची भाषणेही अधिक चांगली झाली. तेव्हा ‘माझे हात थरथरत होते, सर्वांना दिसले’ असे लिहिण्यापूर्वी वर्गातील दोन जणांना विचारावे, की तुम्हाला काय दिसले. पुष्कळदा उत्तर येते, की काही नाही, फक्त तू फार भरभर बोललास. मग सुधारायचा असतो तो बोलण्याचा वेग, आणि वेग सुधारणे भीती घालवण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

तिसरी पायरी: आपला वाटा मोजणे

एकत्र केलेल्या कामात स्वतः केलेले माणसाला अधिक सहज आठवते, कारण ते करताना तो स्वतः तेथे हजर असतो. दुसऱ्याने रात्री जागून केलेले त्याने पाहिलेले नसते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये ही प्रवृत्ती संशोधनातून दाखवून दिली. गटात हे पडताळून पाहण्याची सोपी रीत आहे. प्रत्येकाने इतरांना न दाखवता, एकूण कामापैकी आपण किती टक्के केले ते चिठ्ठीवर लिहावे आणि नंतर सर्व आकड्यांची बेरीज करावी. बेरीज 100 च्या पुढे गेली, तर कोणी खोटे बोलत आहे असे समजू नये. एकमेकांचे न दिसलेले काम किती आहे याचे ते मोजमाप आहे.

यानंतर कामांची यादी करावी आणि तीत बोलण्याखेरीजची कामेही घालावीत. वर्गातील जुन्या संगणकावर देवनागरी अक्षरे फुटतात हे आधी ओळखून फाइलची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर घेऊन येणारी मुलगी, प्रोजेक्टरची वायर आपल्या लॅपटॉपला लागत नाही म्हणून शेजारच्या वर्गातून ॲडॉप्टर मागून आणणारा मुलगा, यांनी व्यासपीठावर एकच मिनिट बोलले असले तरी सादरीकरण उभे राहिले ते त्यांच्यामुळे. अशी कामे तुम्ही केली असतील तर संकोच न करता लिहावीत, आणि दुसऱ्याने केली असतील तर तीही लिहावीत.

चौथी पायरी: जोड तपासणे

आता त्या कल्पित गटाकडे परत येऊ. दुसऱ्या वक्त्याच्या स्लाइडवर ‘क्षेत्र: 1,690 हेक्टर’ एवढेच लिहिलेले होते. चौथ्या वक्तीच्या स्लाइडवर, ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला या मुद्द्याखाली, 6,521 हेक्टर हा आकडा होता. प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, की यातले खरे क्षेत्र कोणते? पाचही जण एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी तिसरा म्हणाला, ‘बहुतेक टायपिंग मिस्टेक असेल.’

वास्तविक दोन्ही आकडे बरोबर आहेत. 2015 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर आहे, आणि रामसर स्थळाच्या हद्दीत अभयारण्यासोबत त्याच्या भोवतालचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रही धरलेले असल्याने तो आकडा मोठा आहे. ज्याने जी माहिती आणली त्याला ती बरोबरच मिळाली होती. चूक कोणाच्याही भाषणात नव्हती. दोन भाषणे शेजारी ठेवून कोणी पाहिली नव्हती, इतकेच.

अशा प्रसंगावर पाच जण पाच वेगवेगळी आत्मपरीक्षणे लिहू शकतात, आणि पाचही प्रामाणिक असू शकतात. दुसऱ्या वक्त्याने असे लिहावे, की मी आकडा दिला, पण तो कशाचा आहे, अभयारण्याचा की रामसर स्थळाचा, हे स्लाइडवर लिहिले नाही. चौथ्या वक्तीने लिहावे, की माझ्या आधीच्या एका वक्त्याने वेगळा आकडा सांगितल्याचे मला बोलतानाच जाणवले होते, तरी मी त्याचा उल्लेख न करता पुढे गेले. दोन वाक्यांत फरक सांगितला असता तर तो प्रश्न आलाच नसता. ज्याने फाइल जोडली त्याने लिहावे, की मी स्लाइडचा रंग आणि अक्षरांचा आकार एकसारखा केला, मजकूर मात्र वाचला नाही. तिसऱ्याने लिहावे, की मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि शांततेची भीती वाटून मी अंदाज सांगितला, त्यामुळे बरोबर असलेली माहितीही चुकीची ठरली. आणि पाचवी, जी काहीच बोलली नाही, तिलाही लिहिण्यासारखे आहे: तो माझा भाग नाही असे मी मनात ठरवले होते.

या पाच उत्तरांत ‘समन्वयाचा अभाव होता’ हे वाक्य कोठेही नाही, हे लक्षात घ्यावे. ते वाक्य खरे असूनही निरुपयोगी आहे, कारण त्यात कर्ता नाही. मराठीत ‘राहून गेले’, ‘झाले नाही’, ‘लक्षात आले नाही’ अशी कर्त्याला आड ठेवणारी क्रियापदे अगदी सहज येतात. कच्चा मसुदा झाल्यावर ती शोधून काढावीत आणि प्रत्येक ठिकाणी ‘कोणी?’ असे विचारावे. उत्तर ‘मी’ असे आले तर तसेच लिहावे.

आकड्यांच्या विसंगतीखेरीज जोडाच्या आणखी काही जागा आहेत. एका वक्त्याने दुसऱ्याला कसे बोलावले? ‘आता पुढचा पार्ट माझी मैत्रीण सांगेल’ असे म्हटले, की विषयाचा धागा तेथेच तुटतो. ‘हे पक्षी येतात ते चिखलातील अन्नासाठी, आणि ते अन्न कमी होण्याची कारणे आता पुढे ऐकू’ असे म्हटले तर श्रोता सोबत येतो. एकच व्याख्या दोघांनी सांगितली का? पहिल्या दोघांनी जास्त वेळ घेतल्यामुळे शेवटच्याला घाई करावी लागली का, आणि तो जास्त वेळ घेणाऱ्यांत तुम्ही होता का? दुसरे कोणी बोलत असताना तुम्ही उभ्याउभ्या काय करत होता, ऐकत होता की आपला कागद पाठ करत होता?

पाचवी पायरी: भाषेची अडचण वेगळी काढणे

मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीत सादरीकरण करावे लागलेल्या विद्यार्थ्यांना माझे मनापासून सांगणे आहे, की भाषेची अडचण आणि विषयाची अडचण एकाच वाक्यात लिहू नका. एक साधी कसोटी घ्यावी. जो मुद्दा वर्गात अडखळला तो घरी धाकट्या भावंडाला मराठीत समजावून पाहावा. तो नीट सांगता आला, तर विषय तुम्हाला कळलेला आहे आणि उणीव फक्त शब्दांच्या सरावाची आहे. मराठीतही अडखळला, तर इंग्रजीला दोष देऊन उपयोग नाही, तो मुद्दाच पुन्हा वाचायला हवा. आत्मपरीक्षण इंग्रजीत द्यायचे असले तरी पहिला मसुदा मराठीत लिहावा. स्वतःविषयी नेमके लिहिणे हे मुळातच कठीण काम आहे. त्यावर परक्या भाषेचे ओझे पहिल्याच फेरीत घालू नये.

सहावी पायरी: लेखनाची मांडणी

ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेले सहा टप्प्यांचे चक्र अनेक अभ्यासक्रमांत वापरले जाते: घटनेचे वर्णन, त्या वेळच्या भावना, काय चांगले व काय वाईट झाले याचे मूल्यमापन, कारणांचे विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृतीची योजना. विचार करताना हे टप्पे फार उपयोगी पडतात. लिहिताना मात्र सहांना समान जागा देऊ नये, असे माझे मत आहे. वर्णन एक परिच्छेद पुरे. शिक्षक तेथे हजर होते. भावना लिहाव्यात, पण त्या भावनेमुळे तुम्ही काय केले तेही सोबत लिहावे, जसे वरच्या उदाहरणातील तिसऱ्याने शांततेच्या भीतीने अंदाज सांगितला. सर्वांत जास्त जागा विश्लेषणाला द्यावी, आणि दहा प्रसंग वरवर सांगण्यापेक्षा दोन प्रसंग खोलवर तपासावेत. त्यांपैकी एक चांगला झालेला असावा. चांगले का झाले हे कळले नाही, तर ते पुन्हा घडवता येत नाही.

सहकाऱ्याविषयी लिहिताना नाव टाळून भूमिका लिहावी आणि स्वभावाऐवजी कृती लिहावी. ‘तो आळशी आहे’ असे न लिहिता ‘ठरलेल्या दिवशी एका सदस्याचा भाग आला नाही, मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग न विचारता तो स्वतःच लिहिला’ असे लिहावे. या वाक्यात त्याची कसूर आहे आणि तुमचा निर्णयही आहे, आणि परीक्षण त्या निर्णयाचे करायचे आहे. कोणी खरोखरच काही काम केले नसेल आणि गुण समान वाटले जाणार असतील, तर ती बाब शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून सांगावी. आत्मपरीक्षण हे तक्रार अर्जाची जागा घेऊ शकत नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून हे लेखन करून घेण्याचा मोह होतो. महाविद्यालयाचा नियम काय आहे ते तर पाहावेच. पण त्याहून महत्त्वाचे असे, की तुमच्या चौथ्या स्लाइडपाशी काय झाले हे त्या साधनाला ठाऊक नसते, त्यामुळे ते सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या प्रकारचेच गुळगुळीत लेखन देते.

सातवी पायरी: तपासता येईल अशी योजना

‘पुढच्या वेळी आत्मविश्वासाने बोलेन’ ही इच्छा आहे, योजना नाही. योजनेत कृती, वेळ आणि ती झाली की नाही हे ओळखण्याची खूण असावी लागते. आपल्या उदाहरणातील फाइल जोडणारा विद्यार्थी असे लिहू शकेल: ‘पुढील सादरीकरणाच्या तीन दिवस आधी मी सर्वांच्या स्लाइडमधील आकडे, वर्षे आणि संस्थांची नावे एका तक्त्यात उतरवीन, प्रत्येकासमोर ती माहिती कोठून घेतली ते लिहीन आणि दोन ठिकाणी वेगळे आकडे आले तर त्या दोघांना एकत्र बोलावून फरक समजून घेईन. दोन दिवस आधी व्हिडिओ कॉलवर का होईना, पण सर्वांनी ओळीने बोलून एक सलग तालीम घेऊ, आणि तीत मी माझा भाग सोडून इतरांच्या भागावर प्रश्न विचारीन.’ अशा दोन-तीन कृती पुरेत. सात-आठ लिहिल्या तर त्यांतली एकही होत नाही.

लेखन सुपूर्द करण्यापूर्वी गटातील एकाला त्यातील घटनांचा भाग वाचून दाखवावा. मतांवर चर्चा नको, फक्त घडले ते असेच घडले का एवढे विचारावे. ज्या कामासाठी मुद्रण केले होते ते झाल्यावर सर्वांच्या फोनवरून ते पुसून टाकावे. लेखनाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि पुढच्या सत्रात नवा गट पडेल तेव्हा पहिल्या बैठकीत, कोण कोणता भाग बोलणार हे ठरण्याआधी, जोड कोण तपासणार हे ठरवून घ्यावे.